गादी आणि सब्जा

घोडबंदर रोडवरच्या त्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. जागा असती तरी उपयोग नव्हता, कारण जमलेल्यांपैकी निम्म्यांना बसताच येत नव्हतं. कुणाची गादी सरकलेली, कुणाची झिजलेली, कुणाची दबलेली. मणक्यांच्या मधल्या चकतीला आपल्याकडे गादी म्हणतात, आणि या एका शब्दावर स्वतःला प्राणाचार्य म्हणवणाऱ्या अनिमेष नावाच्या माणसानं आपला सगळा संसार थाटला होता.

स्टेजवर मखमलीची गादी आणि गादीवर तो. अंगात भगवा कुर्ता, वरून डॉक्टरांचा पांढरा कोट. ज्याला देव हवा त्याला देव, ज्याला सायन्स हवं त्याला सायन्स.

"गादी बिघडली तर जायचं कुठे?" त्यानं माइकमध्ये विचारलं.

"गादीपाशी," लोक म्हणाले.

"दवाखान्यातल्या गादीपाशी?"

"प्राणाचार्यांच्या गादीपाशी."

राजरत्न मागे भिंतीला टेकून हे ऐकत होता. पाणीखात्यातून रिटायर झालेला, वर्तकनगरला एकटा राहणारा माणूस. शेजारच्या खुर्चीत त्याची थोरली बहीण भीमाबाई वाकडी होऊन बसली होती. ती मोहने गावात राहणारी. तिचा उजवा पाय चार दिवस फरपटत होता. आज सकाळपासून मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली होती आणि लघवी कधी होते तेही कळत नव्हतं. ठाण्याच्या सर्जननं तपासून सांगितलं होतं, "गादीचा तुकडा नसांवर बसलाय. आजच ऑपरेशन. उशीर झाला तर गेलेली जाणीव परत येईल याची खात्री नाही." भीमाबाईनं मान डोलवली, बाहेर आली आणि रिक्षावाल्याला इकडचा पत्ता सांगितला.

"अक्का, हे बाबालोकांचं काम आहे," राजरत्न रिक्षात म्हणालेला.

"मी बाबाच्या दारात उभी राहणारी बाई नाय. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत मला. पण हा कुठं अंगारा देतोय? ऑक्सिजन देतोय. ऑक्सिजन काय अंधश्रद्धा आहे का रे?"

 राजरत्नची बायको प्रमोदिनी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली होती. सिलिंडरसाठी तो अख्खं ठाणं फिरलेला. ऑक्सिजन हा शब्द कुणी काढला की आजही त्याचं डोकं चालायचं बंद व्हायचं. बहिणीला थांबवायला हवं होतं तिथे तोच तिला हात धरून आत घेऊन आला.

अनिमेषला अशीच माणसं हवी होती.

"त्या वर्षी आपली माणसं कशानं गेली?" त्यानं आवाज उतरवला. "प्राणवायू मिळाला नाही म्हणून. तुमच्या गादीचंही तेच झालंय. आतल्या मूळ पेशी, इंग्रजीत स्टेम सेल, प्राणवायूविना उपाशी आहेत. मी फक्त त्यांना जेवू घालतो."

पुढच्या रांगेत बायका डोळे पुसू लागल्या. राजरत्नचेही भरून आले.

मग भीमाबाईला स्टेजवर नेलं. शिष्यानं एक ड्रॉपर तिच्या कमरेला टेकवला, तिच्या कानात काहीतरी पुटपुटून ड्रॉपरमधला थेंब पाण्याच्या पेल्यात सोडला. पेल्यावर कॅमेरा लावलेला होता. मागच्या मोठ्या पडद्यावर काळे ठिपके दिसले, मोहरीपेक्षा बारीक.

"बघा, उपासानं कशा काळ्या पडल्यात. आता यांना प्राण देऊ."

सिलिंडरची नळी पेल्यात सोडली. बुडबुडे आले. लोकांनी टाळ्यांवर ठेका धरला, "प्राण घे, प्राण घे." आणि ठिपके खरोखर फुगू लागले. प्रत्येकाभोवती काचेसारखा बुळबुळीत गोळा तयार झाला, मधोमध काळा ठिपका तसाच. शाळेच्या पुस्तकात पेशीचं चित्र असतं, हुबेहूब तसं. माणसं उठून उभी राहिली. ज्यांना उठता येत नव्हतं तीही.

"मना त बगूनच कंबर मोकली झाली," पहिल्या रांगेतले राघोशेठ म्हणाले. हॉल त्यांचाच होता. बापजाद्यांच्या भातखाचरावर आता बत्तीस मजले उभे होते आणि तेवढ्या मजल्यांचा मालक कमरेला पट्टा बांधून बसला होता.

भीमाबाईला आठवडाभर मास्क लावून तिथेच ठेवायचं ठरलं. राजरत्न पडद्याकडे बघत राहिला. तो बुळबुळीत गोळा, तो काळा ठिपका. हे त्यानं आधी पाहिलं होतं, आणि प्रयोगशाळेत तो आयुष्यात गेला नव्हता.

तेवढ्यात दारातून भीमाबाईची मुलगी प्रीती आत घुसली, ट्रॅफिकमध्ये रिक्षा सोडून पळत आलेली.

"आई, ऊठ. सर्जन थांबलेत."

"थांब गं. पेशी फुगल्यात माझ्या, बघ."

प्रीतीनं पडद्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"ताई, आपण कोण?" अनिमेषनं गोड आवाजात विचारलं.

"मी गादीतल्या मूळ पेशी वाढवते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गादीचा तुकडा आमच्या लॅबमध्ये येतो, त्यातून. नोकरीच आहे माझी."

"मग तर आपण भाऊबहीण. प्राणवायू किती देता?"

"कमी देते."

"काय म्हणालात?"

"हवेत असतो त्यापेक्षा पुष्कळ कमी. पेशी ठेवायच्या पेटीत मुद्दाम नायट्रोजन सोडून ऑक्सिजन खाली आणते."

अनिमेष हसला. "ऐका मंडळी, ऐका. हिला स्वतःच्या आईला गुदमरवायचंय."

हॉल हसला. राजरत्न मात्र हसला नाही. तो पुढे गेला. "प्रीती, ऑक्सिजन कमी चांगला म्हणतेस? माझ्यासमोर?"

प्रीतीचा आवाज खाली आला. "मामा, मामीचं फुफ्फुस होतं. फुफ्फुसाला लागतोच. ही गादी आहे. मोठ्या माणसाच्या गादीत आतपर्यंत रक्तवाहिनी जात नाही. कडेकडेनं झिरपेल तेवढ्यावर तिथल्या पेशी जगतात. लॅबमध्ये कमी ऑक्सिजन दिला की त्या घरच्यासारख्या वाढतात, गादीतला गर तयार करतात. हवेइतका दिला की आपलं काम विसरायला लागतात. अगदीच तोडला, वर खाणंही तोडलं, तर मरतात. पण हे सगळं काचेच्या बशीतलं. माणसाच्या पाठीत घालून गादी नवी होते असं आम्ही अजून म्हणत नाही. हा म्हणतो."

"आणि तुझ्या बशीत अशा दिसतात का पेशी?" राघोशेठनं विचारलं.

"पेशी नुसत्या डोळ्यानं दिसतच नाही, शेठ. ती बघायला मायक्रोस्कोप लागतो. याचा साधा कॅमेरा आहे." ती अनिमेषकडे वळली. "एक करा. शेजारी दुसरा पेला ठेवा. तेच थेंब, तेच पाणी, फक्त ऑक्सिजन नको. नाही फुगल्या तर मी तुमच्या पाया पडते."

"अहंकाराच्या पेल्यात प्राण उतरत नाही," अनिमेष म्हणाला.

"ऑक्सिजनला अहंकार कळतो?"

कुणीतरी मागे फिसकन हसलं. अनिमेषनं शिष्याला ड्रॉपर-पेल्यांचा ट्रे उचलायची खूण केली. पण राजरत्न तोवर स्टेजवर चढला होता. त्यानं ट्रेमधला दुसरा ड्रॉपर उचलला, आपल्या बाटलीतलं पाणी रिकाम्या पेल्यात ओतलं आणि ड्रॉपर त्यात दाबला. काळे ठिपके पडले. पेला त्यानं स्वतःच कॅमेऱ्याखाली सरकवला.

"यातला थेंब कुणाच्या कमरेतला? कुणाच्याच नाही," तो म्हणाला. "नळीही नाही. बघा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पडद्यावर ठिपक्यांना कड आली, कडेचा गोळा झाला, गोळे एकमेकांना चिकटले. नळीच्या पेल्यात झालं होतं तेच.

राजरत्ननं बोट बुडवून एक गोळा उचलला आणि तोंडात टाकला.

"मामा," प्रीती दचकली.

त्यानं सावकाश चावला. "सब्जा आहे. माझी बायको उन्हाळाभर भिजवायची. ड्रॉपरच्या टोकात आधीच भरून ठेवलाय."

राघोशेठ कमरेचा पट्टा विसरून ताडकन उठले. "म्हंजे मना फालुदा दाखवलास का रं?"

पुढचं सांगण्यासारखं नाही. अनिमेष "पेशींची पहिली अवस्था बीजासारखीच असते" असं काही बोलायला लागला, पण माइक राघोशेठच्या माणसांनी काढून घेतला होता. भीमाबाई स्टेजवरच बसून होती.

"माझ्या पाठीतून सब्जा निघाला होय," ती म्हणाली. "आणि मी प्रतिज्ञा सांगत होते. चल गं पोरी. पाय बधिर आहे, तेवढंच खरं. तेच धरून चालू."

त्या दुपारीच तिचं ऑपरेशन झालं. लघवीची जाणीव हळूहळू परत आली. पाय उचलतो, पण अंगठा अजून बधिर आहे. आणखी एक दिवस मास्क लावून बसली असती तर काय झालं असतं, ते तिनं विचारल्यावर सर्जननं सांगितलं. भीमाबाईनं पुन्हा विचारलं नाही. अनिमेषवर तक्रार झाली आणि हॉल बंद पडला. आता म्हणे तो गुडघ्याच्या वाटीकडे वळलाय. आपल्याकडे शब्द कमी नाहीत.

राजरत्ननं घरी जाऊन फळीवरचा प्रमोदिनीचा सब्ज्याचा डबा खाली काढला. इतकी वर्षं तो डबा त्यानं उघडला नव्हता. एक चमचा पाण्यात टाकला आणि बघत बसला. ना नळी, ना मंत्र. गोळे आले. प्रमोदिनी गेली ती फुफ्फुसानं, आणि तिच्या मरणावर दुकान मांडणाऱ्या माणसापुढे तो रडला होता. त्याला याची चीड आली, आणि ती जाऊ नये असं वाटलं.

दुःख असतं त्या जागीच माणूस सगळ्यात आधी फसतो. म्हणून तिथेच जास्त विचारायचं. चमत्कार करणारा कोट घालून येवो की कफनी, संस्कृत बोलो की सायन्स, हात जोडायच्या आधी एवढंच म्हणा: शेजारी दुसरा पेला ठेव. खरा असेल तो ठेवील.