दारापाशीचे गाणे

सौंसरच्या आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी तीन वाजता, वरच्या सभागृहात चित्रपट दाखविला जातो. आणि अभिप्रायाची चिठ्ठी लिहून दिल्यावाचून कोणी जिना उतरू नये, असा नियम मी घालून दिला आहे. चिठ्ठीवर नाव नको, गाव आणि वय पुरे. मात्र 'छान' किंवा 'मस्त' यांस मी अभिप्राय मानीत नाही. आपण नेमके काय पाहिले अथवा ऐकले, ते एका वाक्यात लिहावे. रामाकोन्याचे कवडूबापू, ज्यांची संत्र्याची बाग आहे आणि ज्यांनी आजवर एकही खेळ चुकविलेला नाही, ते म्हणतात की सरांचा पिच्चर फुकट असला तरी पेपर सोडवूनच घरी जावे लागते.

जानेवारीत आम्ही एक जुना संगीतमय परीकथापट दाखविला. हाताने रंगविलेली चित्रे, बोलणारे पक्षी आणि एकंदर आठ गाणी. हिमाच्या राज्यातील एक राजकन्या शापामुळे आपल्याच महालाबाहेर अडकते, इतकीच कथा. मध्यावर ती बंद दारावर तळवा टेकून उभी राहते. त्या वेळी संगीत थांबते आणि केवळ वारा ऐकू येतो.

घरी येऊन मी चिठ्ठ्या वाचल्या. चिठ्ठ्या अठ्ठावन्न होत्या. त्यांपैकी एकतीस जणांनी सर्वांत चांगले गाणे म्हणून दारापाशीच्या गाण्याचा उल्लेख केला होता. काहींनी त्याची ओळही दिली होती: 'दार लागलं त लागू दे, माय बाहेर हाये.'

चित्रपट हिंदीत होता, आणि दारापाशी गाणे नव्हते. मी तबकडी पुन्हा लावली आणि घड्याळ लावून तो प्रसंग मोजला. दोन मिनिटे चाळीस सेकंद, वाऱ्याखेरीज काही नाही.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट मी कवडूबापूंना सांगितली. त्यांना तिळमात्र नवल वाटले नाही. ते म्हणाले की चाळीस-बेचाळीस वर्षांमागे हाच पिच्चर रामाकोन्याच्या बाजारात तंबूत लागला होता आणि त्या तंबूत ते स्वतः तिकिटे फाडीत. रिळे इंग्रजी होती. मालकाने शेतमजुरी करणाऱ्या, बुद्ध विहारात गाणी म्हणणाऱ्या जयवंता नावाच्या बाईला पडद्यामागे उभे केले. तिला इंग्रजीचे अक्षर कळत नव्हते. चित्रे पाहून तिने आपल्या मनाने, आपल्या बोलीत कथा रचली आणि अकरा दिवस ती लोकांना सांगितली. तिचे दोन वर्षांचे लेकरू पडद्यामागेच लुगड्याच्या झोळीत असे. दारापाशी सगळे शांत झाले की ते नेमके रडू लागे आणि जयवंता हीच ओळ म्हणत त्याला जोजवी. तंबूतल्या लोकांना वाटे, राजकन्याच गात आहे. पुढे कोणी छिंदवाड्याला तोच पिच्चर पाहून आला की गाणे कापले म्हणून भांडे.

खुलासा मला पुरेसा वाटला. वृद्धांच्या स्मरणाने रिकामी जागा भरून काढली होती. परंतु त्याच संध्याकाळी मी चिठ्ठ्या वयाप्रमाणे लावल्या, आणि एकतिसांपैकी चौदा जण वीस वर्षांच्या आतले निघाले.

कवडूबापूंनी एक गोष्ट शेवटी सांगितली होती. झोळीतले ते लेकरू म्हणजे मंगला. मंगला नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदीचे काम करते आणि वाचनालयाची जुनी वाचक आहे. ती तीन वर्षांची होण्याआधीच जयवंता कापूस वेचताना साप चावून गेली. तिचा फोटो नाही. आवाज कोठून असणार?

मंगला स्वतःहून माझ्याकडे आली आणि तिने चिठ्ठ्या मागितल्या. एकतीसही चिठ्ठ्या तिने बाकावर बसून वाचल्या.

"मीबी होती ना सर, तिसऱ्या रांगेत," ती म्हणाली. "मले वाराच आयकू आला."

मी म्हणालो की मलाही वाराच ऐकू आला, कारण तेथे वाराच आहे. ज्येष्ठांनी मुलांना गाण्याविषयी सांगितले असेल, आणि सांगितलेले ऐकल्यासारखे वाटणे हे माणसाच्या स्वभावातच आहे.

"असन," ती म्हणाली. "पन साऱ्या गावानं माह्या मायचा आवाज आयकला. लोक म्हनते, तुहा आवाज तिच्यावानीच हाये. मले एकडाव आयकाचा हाये, सर. मंग ते खरं असो की खोटं."

माझा तर्क सिद्ध करावा म्हणून फेब्रुवारीत मी तो चित्रपट पांढुर्ण्यास नेला. तेथील एका वसतिगृहात बालाघाट आणि मंडल्याकडच्या मुली राहतात. त्यांना रामाकोना ठाऊक नाही, मराठीही जेमतेम कळते. मंगला माझ्यासोबत आली आणि पहिल्या रांगेत बसली. चिठ्ठ्या सव्वीस आल्या. सतरा मुलींनी दारापाशीच्या गाण्याविषयी लिहिले होते. एकीने हिंदीत लिहिले होते की गाणारी बाई पडद्याच्या मागून, अगदी जवळून गात होती आणि मध्ये मध्ये थांबत होती.

मंगलेला या वेळीही वाराच ऐकू आला.

मी कवडूबापूंपुढे पुन्हा माझे तर्क मांडू लागलो, तेव्हा ते संत्रे सोलत होते.

"सर, तुमी मोजता लय," ते म्हणाले. "अन् थे मंगला पोट्टी बसते कुठी? समोर. समोर त पब्लिक बसे. थे कधी समोर होती का?"

मार्चच्या दुसऱ्या रविवारी सौंसरलाच खेळ ठेवला. खिडक्यांना जाड सतरंज्या लावल्या. पडदा म्हणजे दांडीला बांधलेली पांढरी चादर. तिच्यामागे भिंतीपर्यंत चार हात जागा. तेथे मंगलेसाठी स्टूल ठेवले. तिने ते बाजूला सारले आणि ती जमिनीवर बसली.

दाराचा प्रसंग आला. राजकन्येने तळवा टेकला, संगीत थांबले, वारा सुरू झाला. मी प्रक्षेपकाशेजारी मनगटावरील घड्याळाकडे पाहत होतो. मिनिटभराने चादर आत ओढली गेली आणि पुन्हा सैल झाली. कोणी तिच्यामागे दमून श्वास घ्यावा तशी. पंखे बंद होते. सभागृहात कोणी खोकलेही नाही. पुढच्या रांगेतील नववीतली डिंपल सारखी मान वाकडी करून चादरीच्या कडेने आत डोकावू पाहत होती. दोन मिनिटे चाळीस सेकंद झाली, पक्षी आले, पुढचे गाणे लागले.

चिठ्ठ्या मी तेथेच, उभ्याने वाचल्या. चव्वेचाळीस. दारापाशीच्या गाण्याचा उल्लेख एकीतही नव्हता. डिंपलने लिहिले होते: 'पडद्याच्या मागे लहान बाळ रडत होते, मग गप झाले.' दुसऱ्या चिठ्ठीत तेच. तिसरीत तेच. एका माणसाने विनंती केली होती की बायांनी लहान लेकरे खेळाला आणू नयेत. सभागृहात लहान लेकरू नव्हते. दाराशी उभा राहून सर्वांना मीच आत सोडले होते.

लोक उतरून गेल्यावर मंगला बाहेर आली. तिचा पदर ओला होता; चेहरा मात्र झोपेतून उठलेल्या माणसासारखा जड आणि स्वस्थ दिसत होता. तिने कवडूबापूंकडे पाहिले.

"लोक खोटं बोलते, बापू. माहा आवाज तिच्यावानी नाही. तिचा बारीक हाये. अन् दर ओळीले दम लागते तिले."

कवडूबापूंच्या हातातील टोपी तशीच राहिली. ते म्हणाले, "दमा होता जयवंताले. हे तुले कोनं सांगतलं?"

नियमाप्रमाणे मी तिच्यापुढे कोरी चिठ्ठी सरकविली. ती खाली वाकली आणि कचेरीत नोंदी करते तशा सुवाच्य अक्षरात लिहू लागली. गावापुढे तिने रामाकोना लिहिले. वयापुढे दोन वर्षे. अभिप्रायाची जागा तिने मोकळी सोडली.

अपूर्ण चिठ्ठी मी आजवर कोणाकडून घेतलेली नाही. ही घेतली, आणि पंचेचाळिसावी म्हणून इतरांबरोबर टाचली.