पुरा जबडा

अकुवामने दगड ठेवला, त्याला लागून दुसरा ठेवला. हाड दिसलं की आधी भोवती दगड रचायचे, मग हाक मारायची आणि तोवर हात लावायचा नाही, असा उत्खननाच्या तळावरचा रिवाज होता. घाईत पुढचा दगड तिच्या हातून निसटून घळीत गडगडत गेला.

"मामा! एरुपेमामा!"

वारा शब्द पळवत होता, तरी म्हातारा काठी टेकत आला.

"ओरडतेस काय अशी, गाढवी? साप निघाला?"

"जबडा निघाला. माणसाच्या कुळातला."

एरुपेची काठी गळून पडली. तो गुडघ्यांवर बसला. घट्ट मातीतून एका बाजूच्या दाढा वर आल्या होत्या, झिजलेल्या, या घळीतल्या सगळ्या जुन्या हाडांसारख्याच काळपट. पुढचा भाग अजून मातीत होता.

तळ उद्या उठणार होता. तुर्काना सरोवराच्या या काठावर हंगामभर डुकरांची, पाणघोड्यांची, फार तर माकडांची हाडं सापडली. माणसाच्या पूर्वजाचा एक दातही नाही. संध्याकाळच्या फोनवर काही सांगण्यासारखं असेल तर पुढच्या हंगामाचे पैसे, नाहीतर गाशा गुंडाळा, असं मोहिमेला पैसे देणाऱ्या नैरोबीच्या बाईंनी निक्षून सांगितलं होतं. माणसांची कामं जाणार होती आणि अकुवामची पीएचडीही. आजवर आमच्या तुर्काना लोकांनी हाडं शोधली ती दुसऱ्यांच्या अभ्यासासाठी. ही पोरगी पहिल्यांदाच स्वतःच्या अभ्यासासाठी शोधत होती, आणि ती हरली तर हसायला सगळी वस्ती टपून बसली होती.

"बकरा आणा रे!" एरुपे तळाच्या दिशेने ओरडला. असं काही सापडलं की बकरा भाजायचा, हे ठरलेलंच. खालून आरोळ्या आल्या, कोणीतरी गायला लागलं.

"तू हो बाजूला," तो म्हणाला. "तुझे हात बघ कसे नाचतायत. मोडशील."

अकुवाम बाजूला झाली, पण तिला बसवेना. ती घळीच्या कडेपर्यंत जायची आणि परत यायची. मनातल्या मनात तिने बाईंना सांगायची वाक्यं तयार केली, मोडली, पुन्हा तयार केली. एरुपे बाभळीच्या काट्याने माती सोडवत होता, ब्रशने झटकत होता. या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. दात काढण्यातही नव्हतं. आमच्याकडे लहानपणीच खालचे पुढचे दोन दात काढतात. ज्याचे राहिले तो गाढवासारखा दिसतो म्हणतात. अकुवामचा नंबर आला तेव्हा ती मिशनच्या शाळेत पळून गेली होती, आणि तेव्हापासून मामाच्या तोंडी तिचं नाव गाढवी.

"झालं!" एरुपे मागे सरकला. हसताना त्याची ती खालची फट दिसली. "ये, बघ. पुरा जबडा आहे. एक दात कमी नाही."

अकुवाम वाकली. दाढांपासून पुढे तिने एकेक दात मोजला.

"मामा, पुढचे दोन कुठायत?"

"कुठले दोन?"

तिने जबड्यावर बोट धरलं. एरुपेने पाहिलं, आणि नकळत त्याची जीभ स्वतःच्या फटीत गेली.

"पडले असतील," तो घाईने म्हणाला. "ऊन-वाऱ्याने पडतात की."

"मग खळगे राहिले असते. हे भरून आलंय. दात निघाल्यावर हा माणूस कितीतरी वर्षं जगलाय."

तरीही तिने काटा घेतला. खालची माती काढता काढता ती एकच मागत होती, की हनुवटी नसू दे. लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाला हनुवटी नव्हती. माती सुटली आणि हनुवटी वर आली, टोकदार, तिच्या आईच्या हनुवटीसारखी.

"आपल्यातलंच कोणीतरी आहे," ती म्हणाली. "अलीकडचं."

एरुपेने खाली तळाकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "फोनवर जबडा सापडला एवढंच सांग. खोटं थोडंच आहे? तपासायला त्यांना वर्ष लागेल. तेवढं वर्ष तरी मिळेल."

तिला ते वर्ष हवं होतं. फोन खिशातच होता. तिने तो काढला, नंबर लावला आणि पलीकडून बाईंचा आवाज येताच म्हणाली, "काही नाही मिळालं. उद्या तंबू काढतो."

फोन ठेवून ती खाली बसली आणि रागाने रडली. एरुपे जवळ उभा राहिला.

"मला दिसलंच नाही, पोरी," तो म्हणाला. "माझ्या लेखी तो पुराच होता."

त्याने कमरेच्या पिशवीतून तंबाखूची चिमूट काढून, थडग्यावर मेलेल्यासाठी ठेवतात तशी, जबड्यापाशी ठेवली. अकुवामने डोळे पुसले. तिने मघाशी भोवती रचलेले दगड उचलून दोघं आता एकेक करून जबड्यावर रचू लागली.

माणसं गात गात घळ चढून आली. पुढे दोरीला बकरा होता. दगडांचा ढीग पाहून गाणं थांबलं.

"काय झालं? सोडू याला?" दोरी धरलेल्याने विचारलं.

एरुपेने अकुवामकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली आणि दगडांच्या ढिगावर हात ठेवला. "काप. याचं करायचं राहिलंय."