आलंच

माझं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बसवणे, पट्टे शिवणे, चाकं बदलणे. दुकान म्हणजे एक खोली, तिच्यात एक मशीन, एक काउंटर आणि छतापर्यंत टांगलेल्या लोकांच्या बॅगा. मी मशीनवर आणि माझी बायको काउंटरवर, असं आमचं सगळं आयुष्य गेलं. गिऱ्हाइकाने विचारलं, बॅग कधी मिळेल, की ही मान वर न करता सांगायची, "झालीच." तेव्हा ती बॅग मी हातातसुद्धा घेतलेली नसायची.

सुट्टीच्या दिवशी दुकानाला कुलूप लावून आम्ही डोंगरात जायचो. मुलगी पाठुंगळी बसायची तेव्हापासून. तिथेही हिची तीच तऱ्हा. मुलीने विचारलं, अजून किती, की ही म्हणायची, "हे काय, आलंच." आमच्या घरात या शब्दाचा अर्थ सगळ्यांना पाठ होता. आलंच म्हणजे अजून निम्मी वाट बाकी आहे, गपचूप बसा, पाणी प्या, दम खा. लग्नानंतर जावई पहिल्यांदा आमच्याबरोबर आले, त्यांनी बिचाऱ्यांनी शब्दावर विश्वास ठेवला आणि जवळचं सगळं पाणी पिऊन टाकलं. तेव्हापासून ते पाठीवर अख्खा संसार घेऊन निघतात. स्टोव्ह, दोरी, शिट्टी, घडीची खुर्ची, औषधं. ही त्यांना फिरतं घर म्हणायची, तेही तोंडावर.

ही गेली त्याला आता वर्ष होत आलं. आजारी पडली, आणि दवाखान्याच्या फेऱ्या करता करता संपली. मी दुकान चालू ठेवलं. गिऱ्हाइकांना आता मी खऱ्या तारखा सांगतो. त्यांना ते आवडत नाही असं मला वाटतं. हिची हिरवी बॅग काउंटरमागच्या खुंटीवर तशीच आहे. ती ना दुरुस्तीची ना विकायची.

सुट्टीच्या दिवशी मी एकटाच डोंगरात जायला लागलो होतो. घरी बसलो की घर अंगावर येतं. हे मुलीला सांगितलं नव्हतं. एकदा तिने दिवसभर फोन लावला, वर रेंज नव्हती, आणि संध्याकाळी मी घरी आलो तर ती पायरीवर बसलेली. माझ्या चिखलाच्या बुटांकडे तिने असं बघितलं, जसा काही मी शाळेतून पळून आलो आहे.

मुलगी विमा कंपनीत आहे. माणसाला काय काय होऊ शकतं, याचा विचार करायचा तिला पगार मिळतो. तिने मला बसवून सगळं ऐकवलं. पाय घसरला तर, चक्कर आली तर, कुणाला कळलंच नाही तर. जवळच्या बागेत छान फरसबंद वाट आहे, तिथे फिरा म्हणाली. मी म्हटलं, गोल गोल फिरायला मी काय घाण्याचा बैल आहे? तिची आई डोंगरात कधी पडली नाही, ती घरात, धुतलेल्या चादरीवर गेली, हेही माझ्या ओठावर आलं होतं. पण ते तिलाही माहीत होतं, म्हणून गिळलं.

शेवटी तोड जावयांनी काढली. सगळ्यांनी मिळून एकदा वरच्या तळ्यापर्यंत जायचं. आईची आवडती जागा. बाबा न पडता जाऊन आले, तर पुढे कुणी काही बोलायचं नाही. पडले, तर बूट माळ्यावर आणि बाबा बागेत. मुलगी विचार करून हो म्हणाली. मीही हो म्हणालो. वर हसत होतो. पण बूट माळ्यावर गेले की मीही गेलोच, असं मला वाटत होतं.

ठरल्या दिवशी पहाटे सगळे दुकानात जमले. मुलीच्या बॅगेची चेन तुटलेली होती. बॅगवाल्याची मुलगी आणि तिचीच चेन तुटलेली, दिव्याखाली अंधार. तिने इकडेतिकडे बघितलं, खुंटीवरची हिरवी बॅग काढली आणि पाठीला लावली. मी दुकानाला कुलूप लावलं.

गाड्या लावायच्या मैदानात रखवालदाराची पत्र्याची चौकी आहे, तिच्यामागून वाट चढते. नात सगळ्यांच्या पुढे. तिला आम्ही टोळ म्हणतो, कारण ती चालत नाही, उडते. तिच्यामागे मी, माझ्यामागे मुलगी, आणि सगळ्यात मागे फिरतं घर, भांडी वाजवत. मुलगी सारखी सूचना देत होती. बाबा, तो दगड हलतोय. बाबा, इथे ओलं आहे. कातळाचा टप्पा आला तेव्हा तिने माझं कोपर असं धरलं की मी तिला घेऊन चढलो. टोळ वरून म्हणाली, "आई, तू आजोबाला सोड, तू त्याला पाडशील."

तळं होतं तसंच होतं. आम्ही पाव, उकडलेली अंडी आणि संत्री खाल्ली. जावयांनी घडीची खुर्ची मला दिली, मी ती टोळला दिली, तिने ती पाण्यात ठेवली. हिची आठवण सगळ्यांनाच आली, पण कुणी रडलं नाही. जावई म्हणाले, इथून परत निघताना आई हमखास सांगायच्या की उतार काय, आलंच. पण त्यांनी ते हिचं बोलणं म्हणून सांगितलं. स्वतःहून तो शब्द वर्षभरात कुणी वापरला नव्हता.

उतरताना मी जपून उतरलो. कातळ गेला, ओलं गेलं, हलता दगड गेला. मग सपाट गवताचा पट्टा येतो, तिथे तान्हं मूलसुद्धा पडणार नाही. मुलगी आता पुढे झाली होती. ती वळली, माझ्याकडे बघत उलटी चालत म्हणाली, "बाबा, पायाखाली बघा."

आणि तीच पडली.

गवतात एक खड्डा होता, बशीएवढा. पाय त्यात गेला आणि ती कोलमडली. हिरव्या बॅगेचा पट्टा तुटल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, धंद्याची सवय. मग तिचं तोंड बघितलं तर पांढरंफटक. घोटा बघता बघता सुजला.

जावयांनी पाठीवरचं घर उतरवलं. लग्नापासून वागवलेली क्रेप पट्टी अखेर कामाला आली, आणि बायको कण्हत असतानाही त्या माणसाला थोडं समाधान झालंच. दोन काठ्या, वर पट्टी, आणि ते सगळं आवळायला मी माझ्या बॅगेचा पट्टा काढून दिला. मग एका बाजूने ते, एका बाजूने मी, मध्ये ती एका पायावर. टोळ पुढे दगड बाजूला करत होती. तुटकी हिरवी बॅग तिने गळ्यात घातली होती.

खूप वेळ लागला. मुलगी आधी स्वतःवर चिडली, मग खड्ड्यावर, मग नवऱ्याच्या खांद्याचं हाड टोचतं म्हणून नवऱ्यावर.  मग तिने माझ्या मानेला मिठी मारून लहानपणी विचारायची तसं विचारलं, "बाबा, अजून किती?"

मी समोर बघितलं. वळणाच्या झाडांमधून मैदानातल्या चौकीचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. तिची मान खाली होती, जावई पायाखाली बघत होते. मी खरं तेच सांगितलं.

"आलंच."

दोघंही थांबले. मुलीने माझ्याकडे बघितलं, डोळे भरून आले तिचे, आणि ती जवळच्या दगडावर बसली. जावयांनी पाठीवरचं ओझं उतरवलं आणि स्टोव्ह काढला. टोळने न सांगता पाण्याची बाटली आईच्या हातात दिली. सगळे निम्म्या वाटेच्या तयारीला लागले.

मी म्हटलं, अहो, खरंच आलं. त्या झाडांमागे गाडी आहे.

"एकदा फसलोय, बाबा," जावई म्हणाले आणि काडी ओढली.

मी पुन्हा सांगून बघितलं. मुलगी म्हणाली, आईसारखं करू नका, पाच मिनिटं बसू द्या. मग मीही बसलो. आयता चहा मिळत होता. पाणी उकळायला लागलं तेव्हा झाडांमागून चौकीचा रखवालदार आला. त्याने आम्हाला बघितलं, स्टोव्ह बघितला, बांधलेला पाय बघितला. म्हणाला, "इथे काय मांडलंय? गाडी तिथे आहे तुमची. फाटक लावायचंय मला."

मुलगी मागे वळली. तिला पत्र्याचं छप्पर दिसलं. ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसायला लागली, ती पाय दुखेपर्यंत. रखवालदाराला वाटलं डोक्यालाही लागलंय. त्याला आम्ही चहा पाजला.

दवाखान्यात पायाचा फोटो काढला. घोट्याचं हाड चिरलं होतं, प्लास्टर घातलं. मी पैज जिंकलो होतो, एकदाही पडलो नव्हतो. पण प्लास्टरमधल्या लेकीकडून पैज वसूल करायची कशी? घरी येऊन मी माझे बूट धुतले, वाळवले आणि स्वतःच माळ्यावर ठेवले.

पुढे एका सकाळी मुलगी कुबड्या घेऊन दुकानात आली. घरी बसून वीट आला म्हणाली. हिच्या जागी काउंटरमागे बसली, पाय स्टुलावर टाकला. एक गिऱ्हाईक आलं, बॅग कधी मिळेल विचारायला लागलं. मी तारीख सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगी मान वर न करता म्हणाली, "झालीच." गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. त्याची बॅग कुठल्या ढिगात आहे हेही आम्हाला माहीत नव्हतं.

मग तिने पिशवीतून हिरवी बॅग काढली आणि माझ्या मशीनवर ठेवली.

"पट्टा शिवायचाय. माझा पाय बरा होईपर्यंत टोळला द्या. ती रोज डोकं खातेय, आजोबाबरोबर जायचंय म्हणून."

मी बॅग उलटी करून तुटलेला पट्टा बघितला.

"एकट्याने जायचं नाही, एवढंच," ती म्हणाली. "आणि खड्डे बघून. बूट कुठे आहेत?"

"माळ्यावर."

"काढा मग. बॅग कधी मिळेल?"

मी सुईत हिरवा दोरा ओवला.

"झालीच," मी म्हटलं. बॅग खरोखरच सुईखाली होती.