मिंगोची गाठ

"सूर्य मावळेपर्यंत याला झाडाला बांधा. नाहीतर लष्करी कोर्टापुढे उभा करा, तिथे गोळी घालतील," मेजर म्हणाला आणि खुर्चीत बसला. मुख्यालयातून होडीने येताना खुर्चीही त्याने स्वतःची आणली होती. काळ्या पलटणीच्या खुर्च्यांवर त्याचा विश्वास नसावा.

आमचे कर्नल होल्कम उभेच होते. उत्तरेकडचे गोरे शाळामास्तर. गुलामीवरून अमेरिकेत उत्तर-दक्षिण युद्ध पेटलं म्हणून कर्नल झाले. घोडा त्यांना अजून मास्तरच समजत असे. कॅरोलायनाच्या या बेटांवर पळून आलेल्या आम्हा गुलामांना त्यांनी गणवेश दिला, तेव्हा एक शब्दही दिला होता: या पलटणीत माणसाला दोर लागणार नाही. गणवेश लवकर फाटला. शब्द आम्ही जपून वापरत होतो.

गुन्हा मिंगो बायसचा. खाडीपलीकडे जुन्या मालकाच्या मळ्यावर त्याची बायको बायना अजून अडकलेली. ओहोटी साधून तो न विचारता तिला आणायला गेला आणि भरतीबरोबर एकटाच परतला. लष्करात याला पळून जाणं म्हणतात, परत आलं तरी.

मी त्याचा सार्जंट. म्हटलं, "परत कशाला आलास रे, गाढवा?"

"सकाळी कवायत होती ना."

कर्नल मेजरला म्हणाले, "तो नुसता उभा राहील. मी हमी देतो."

"दोर."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"उद्या दुसरा कर्नल येईल. दोराबद्दल त्याची काही तक्रार नसेल."

सारी पलटण रांगेत होती. दोर माझ्या हातात दिला होता. हात पुढे होईनात. कर्नलनी तो काढून घेतला. पाइनच्या खोडामागे मिंगोची मनगटं धरून ते गाठ मारू लागले. गाठ बुटाच्या नाडीची.

"कर्नल, नाताळची भेट बांधताय का?" मेजर ओरडला.

मिंगो समोर बघतच पुटपुटला, "असं नको, साहेब. तो बघतोय. टोक खालून घ्या... हां. आता ते माझ्या बोटांत द्या. होडी आम्ही अशीच बांधतो. पक्की बसते, टोक ओढलं की सुटते."

मेजरने येऊन दोर ताणून पाहिला. पक्का होता. समाधानाने, खुर्चीसकट, तो होडीत बसून गेला.

होडी वळणाआड होताच कर्नल धावत आले. "मिंगो, ओढ ते टोक. गेला तो."

"मावळेपर्यंत ना, साहेब?"

"ते तो म्हणाला. मी नाही."

"बांधलंत तुम्ही."

कर्नलनी टोपी काढली आणि उन्हात त्याच्यासमोर उभे राहिले. मधे एकदा त्याच्या ओठांना पाण्याचा डबा लावला. मिंगो प्यायला, त्याने आभारही मानले. कर्नलना तेवढं सोसलं नाही. तोंड फिरवून त्यांनी बराच वेळ खाडी पाहिली.

संध्याकाळचा बिगूल वाजला. मिंगोने बोटांनी एक हिसका दिला. दोर खाली पडला. मनगटं चोळत त्याने तो उचलला, नावाड्याच्या सवयीने नीट वेटोळं केलं आणि पुढे धरला.

"घ्या, साहेब. पलटणीचाय."

कर्नलनी घेतला. आम्ही जेवायला गेलो. दोर कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना, म्हणून तो हातात धरून ते त्या झाडाखालीच उभे राहिले.