आधी आपण, मग मूल

बातुमीचा उबदार समुद्र सोडून उत्तरेकडच्या बर्फाळ अर्खांगेल्स्कला आलो, तेव्हा बाहेर पडताना मी आधी लेकीला, तेकलालाच गुंडाळायचे: लोकरी मोजे, दोन स्वेटर, जाड कोट. मग माझे बूट शोधत बसायचे. तोवर पोर घामाने भिजायची आणि बर्फात पाऊल टाकताच कुडकुडून रडायची.

एकदा शेजारच्या झोयाबाई खेकसल्या, "पोरीला उकडून काढतेस का गं? आधी आपण तयार व्हावं, मूल शेवटी."

त्या हिवाळ्यात माझ्याशी एवढंसुद्धा दुसरं कुणी बोललं नव्हतं.

त्याला आता काही वर्षं झाली. यंदा पहिला बर्फ पडला, तशी मी आधी कोट-टोपी चढवली आणि हाक मारली. तेकला स्वतःच तयार होऊन घसरगाडीसह दारात उभी होती.

"तू कशाला येतेस? मैत्रिणी आहेत ना," म्हणाली आणि गेली.

मी कोट न काढता तशीच बसून राहिले, घामाने भिजत.