चार मिनिटं पुढे

बाबांच्या घड्याळाची काच एका जागी खरवडलेली होती, दोन आणि तीनच्या मधे, आणि तिथून जाताना सेकंदकाटा क्षणभर पुसट व्हायचा... निशिगंधाने मनगट फिरवलं. अकरा वाजून चार मिनिटं. म्हणजे अकरा. ही वजाबाकी करायला तिला विचार करावा लागत नसे, पेणच्या त्या घरात कुणालाच लागत नसे. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे, बाबांच्या हातातलं चार मिनिटं पुढे. कारण धाटावच्या कंपनीची बस सहा-पाचला नाक्यावरून सुटते आणि कुणाच्या बापासाठी थांबत नाही. चारच का, पाच का नाहीत? तर बाबांचं शास्त्र असं : "पाच कोण पन वजा करतो गो. चार करायला डोकं लागतं. तवर जाग येते."

आता ते घड्याळ तिच्या हातात होतं, बाबा नव्हते, आणि ती त्याच कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये जुन्या फाइली पुसत बसली होती.

"मागच्या वर्षीचं उडव सगळं," शेजारच्या टेबलावरून सुफियान म्हणाला. "डिस्क भरलेय."

उडव. किती सोपं! कंपनीच्या तारांमधून जे काही जातं-येतं ते टिपून ठेवायचं, हे तिचं काम. निरोपाच्या प्रत्येक तुकड्यावर, प्रत्येक पॅकेटवर, वेळेचा शिक्का बसतो, सेकंदाच्या दहालाखाव्या भागापर्यंत. केवढा तोरा होता तिला त्या शिक्क्याचा... ऑगस्टमधली ती तारीख समोर आली आणि बोट थांबलं. पुसायचीच आहे ना, मग उघडतेस कशाला, बये? पण काही माणसांना खपली काढल्याशिवाय चैन पडत नाही.

त्या दिवसाच्या दोन फाइली होत्या. एक इथली, सर्व्हर रूमची. दुसरी बाबा बसायचे त्या कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवरची. पहिलीत गॅसचा अलार्म : दोन एक्केचाळीस, आठ सेकंद. दुसरीत व्हॉल्व्ह बंद करायचं बाबांचं बटण : दोन पंचेचाळीस, वीस सेकंद. मधे चार मिनिटं बारा सेकंद. तेवढ्यात आवारातली दोन माणसं गुदमरून पडली. वाचली, पण अजून खोकतात. चौकशीत विचारलं गेलं, चार मिनिटं ऑपरेटर करत काय होता? उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. झोपला होता. या वेळांच्या अहवालाखाली सही माझी. स्वतःची मुलगी सही करते म्हटल्यावर कोण शंका घेणार?

बाबांना घरी बसवलं. ओसरीवर बसून ते एकच सांगत राहिले, आधी सगळ्यांना, मग फक्त तिला. "लगेच दाबला गो मी बटन. चष्मा टेबलावर होता, तो पन नाय घातला. तुज्या त्या मशीनचा टाइम बघ की एकदा."

आणि ती काय म्हणाली होती? शब्द न शब्द आठवतो, मेला. "बाबा, मशीन म्हणजे तुमच्या हातातलं घड्याळ नव्हे."

आई तेव्हा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरगी बोलते म्हंजे झोपला आसशील. कबूल कर नि मोकला हो." त्यानंतर बाबांनी बटणाचा विषय काढला नाही. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी छातीत कळ आली आणि गेले.

तिने दोन्ही फाइली शेजारी लावल्या, उगाच. वर, अलार्मच्याही आधी, एक साधी ओळ दोन्हींत होती : शिफ्टच्या रिपोर्टची प्रिंट, कंट्रोल रूममधून ऑफिसच्या प्रिंटरकडे. निघाली दोन चौतीसला. पोचली... दोन तीसला.

तिने पुन्हा वाचलं. पाठवायच्या चार मिनिटं आधी पोचली?

कंट्रोल रूमचा तो जुना कॉम्प्युटर. त्याची वेळ कुणीतरी हाताने लावायची. आणि तिथे चोवीस वर्षं बसलं कोण, परतीची बस चुकू नये म्हणून धडपडलं कोण... तेही घड्याळ बाबांनीच चार मिनिटं पुढे लावलेलं. दोन घड्याळं आधी जुळवावीत, मग वजाबाकी करावी, हे नवख्यालाही कळतं. जन्मभर बाबांची चार मिनिटं वजा करत आले मी, उठताना, शाळेला निघताना, डबा भरताना. आणि जिथे करायची तिथेच नाही केली!

बारा सेकंद. खरंच लगेच दाबलं होतं त्यांनी.

"काय गो, बरी हायेस ना?" सुफियानने विचारलं.

"डोकं दुखतंय," ती म्हणाली, आणि दोन्ही फाइलींची प्रत काढून पर्समध्ये टाकली. चौकशी पुन्हा उघडेल, साहेब हळहळतील, नवीन अहवालावर पुन्हा मीच सही करेन, ते सगळं जमेल. पण आईला कसं सांगू? आईने माझं ऐकून नवऱ्यावरचा विश्वास सोडला. न सांगितलं तर ती जन्मभर त्याला झोपाळू समजणार, सांगितलं तर... बसमध्ये हेच चाललं होतं, नागोठणं गेलं, गडब गेलं, आणि पेणच्या नाक्यावर ती उतरली तरी वाक्य काही जुळलं नव्हतं.

आई चहा ठेवत होती. "सात वाजले गो, आज उशीर झाला?"

"सातला चार कमी आहेत," तिच्या तोंडून सवयीने गेलं.

"म्हायत हाय," आई म्हणाली. "त्याचा घड्याल हाय, मी नाय हात लावत."

निशिगंधा उभीच राहिली, पर्स खांद्याला तशीच. भिंतीवरचा सेकंदकाटा बारावर आला. एक... अलार्म. तीन... खुर्ची मागे. चष्मा टेबलावर, राहू दे. सहा... सात... दोन पावलं, गुडघा दुखतो तरी. दहा. हात पुढे. बारा.

एवढंच. एवढ्यात माणूस झोपू तरी शकतो का गं आई?

"काय बगतेस?" आईने कप पुढे केला. काटा पुढे गेला होता, आणि निशिगंधा पुन्हा तो बारावर यायची वाट बघत होती.