मळक्या स्पंजाची भीती

मित्रांनो, मी एक जुना, मळका स्पंज आहे. माझं आत्मवृत्त कुणाला ऐकावंसं वाटेल का, याची मला स्वतःलाच शंका आहे. रंग गढूळ तपकिरी, अंगाला चिखलाचा वास आणि एक कोपरा झडलेला. असल्यानं काय सांगायचं? पण मी एकदा फार घाबरलो होतो. ती भीती अजून माझ्या छिद्राछिद्रांत बसून आहे. म्हणून धीर करून बोलतो.

माझा जन्म कारखान्यातला. भल्यामोठ्या निळ्या ठोकळ्यातून मला चौकोनी कापून काढलं. हो, तेव्हा मी निळा होतो. तिथून मी आलो तो दातांच्या दवाखान्यात. बाहेरच्या खोलीत आठ खुर्च्या, कडा दुमडलेली मासिकं आणि भिंतीला लागून माशांची काचपेटी. पेटीच्या कोपऱ्यात पाणी गाळणारा एक काळा डबा आहे. त्या डब्यात मी राहतो. पेटीतलं सगळं पाणी दिवसभर माझ्यातून जात-येत असतं.

या खोलीत बसलेला प्रत्येक माणूस भ्यालेला असतो. आतून यंत्राची घरघर ऐकू आली की मोठमोठ्या माणसांची बोटं खुर्चीच्या दांड्यांत रुततात. म्हणूनच डॉक्टरीणबाईंच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ही पेटी इथं आणली. तिच्यात पाच मासे, सगळे मिशीवाले, तळाशी राहणारे. सर्वांत मोठ्याचं नाव पडलं मुकादम. कुठं काम अडलंय ते बघत असावा तशा मिशा हलवत तो सकाळपासून वाळूवर फेऱ्या मारायचा. वर कधी म्हणून यायचा नाही. भ्यालेली माणसं त्याच्याकडे बघत बसायची आणि त्यांची बोटं सैल व्हायची.

"बरं झालं, तळातले मासे ठेवलेत," एकदा एक पेशंट म्हणाले. "पेटी आपली आपण साफ राहत असेल."

आबा हसले. "अहो, मुकादम कधी स्वतः झाडू मारतो का?"

खरंच होतं ते. हे मासे सफाई करत नाहीत, पसारा करतात. वाळू उकरतात, खाणं अर्धं खाऊन अर्धं पुरून ठेवतात, आणि खाल्ल्यावर जे व्हायचं तेही तिथंच होतं. त्या घाणीतून पाण्यात एक विष उतरतं. ते दिसत नाही, त्याला वास नाही. पण माझ्या अंगात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहायचे. त्यांचं जेवणच ते विष. पाणी माझ्यात विषारी यायचं आणि निर्धोक होऊन जायचं. माझा मळकेपणा म्हणजे त्यांची वस्ती होती.

आबांना हे ठाऊक होतं. दर गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असला की ते रुंद तोंडाची नळी वाळूत खुपसून तळाची घाण बादलीत ओढून घ्यायचे. तीन हिश्श्यांपैकी एकच हिस्सा पाणी काढायचं, त्याहून जास्त नाही. मग मला त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचं आणि परत जागेवर. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी वरून हळूच ओतायचं.

हे बघून सिस्टर नाक मुरडायच्या. सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या परिचारिका, सव्वीस वर्षं इथंच काम करणाऱ्या. "आबा, घाण पाण्यात घाण स्पंज धुऊन काय मिळवता हो?"

"असू द्या, सिस्टर. त्याला तसंच लागतं," आबा पुटपुटायचे. ते स्वभावानं फार संकोची. समजावून सांगायला बसले की आपण पांडित्य दाखवतोय असं वाटून मध्येच गप्प व्हायचे. मला त्यांचा तो स्वभाव आवडायचा. त्याच्यापायीच पुढं घात झाला.

सिस्टर वाईट नव्हत्या, मित्रांनो. त्यांचा एकच नेम होता: माणसाच्या तोंडात जाणारी वस्तू आधी वाफेच्या डब्यात गेली पाहिजे. तो जाड झाकणाचा डबा आतल्या खोलीत आहे. त्यात घातलेल्या औजारावर एकही जंतू जिवंत उरत नाही. त्या नेमामुळे इतक्या वर्षांत एका पेशंटलाही दवाखान्यातून रोग लागला नाही.

मग आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. महिनाभर वाकायचं नाही, मळक्या पाण्यात हात घालायचा नाही. ते लेकीकडे राहायला गेले. जाताना सिस्टरना म्हणाले, "गुरुवारी तेवढी पेटी बघाल का?"

"बघाल का काय? चकचकीत करून ठेवते!"

आबा दारात घुटमळले. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. पण सव्वीस वर्षं स्वच्छतेचं काम करणाऱ्या बाईला स्वच्छता शिकवणारे आपण कोण, असं वाटलं असावं. ते निघून गेले.

गुरुवारी सिस्टर बाह्या सारून आल्या. मासे बादलीत गेले. सगळं पाणी मोरीत गेलं. वाळू नळाखाली निवळशंख होईपर्यंत धुतली गेली. काच पुसली गेली. मग त्यांनी मला चिमट्यात धरून वर उचललं आणि म्हणाल्या, "ईऽऽ! आता तुझी पाळी."

त्या मला नळाखाली खसाखसा चोळून आतल्या खोलीकडे नेऊ लागल्या. वाफेच्या डब्याविषयी मी इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. मला ओरडता येत नव्हतं. माझ्या अंगातल्या त्या कोट्यवधी जिवांनाही येत नव्हतं. झाकण बसलं, कडी फिरली, अंधार झाला. आधी ऊब आली, मग चटका, मग जे आलं त्याला माझ्याजवळ शब्द नाही. वीस मिनिटांनी झाकण उघडलं तेव्हा मी फिकट निळा झालो होतो, जन्मलो त्या दिवसासारखा. आणि तितकाच रिकामा.

"मॅडम, बघा तरी! आरसा झालाय आरसा!"

"वा, सिस्टर!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आबा बघतील तर खूश होतील."

साचवलेल्या पाण्यानं पेटी भरली. मासे परत आले. पाणी पुन्हा माझ्यातून वाहू लागलं. पण आता ते जसं यायचं तसंच जायचं. मी अडवायला बघत होतो, पण कशानं अडवू? शुक्रवारी काही दिसलं नाही. शनिवारी सिस्टरनी मायेनं दुप्पट खाणं टाकलं, आबा नाहीत म्हणून आबाळ नको. मी मनात म्हणत होतो, नका हो, नका. प्रत्येक दाण्याबरोबर विष वाढत होतं आणि पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. असली भीती कुणाच्या वाट्याला येऊ नये. घर जळताना दिसलं तर माणसं धावतात. इथं सगळे वाहवा करत होते.

सोमवारी एक मुलगी मामाबरोबर आली. तिची दाढ दुखायची. तिचा तिसरा फेरा होता. दर वेळी ती पेटीशी उभी राहून मुकादमाशी कुजबुजायची आणि मगच आत जायची.

"मामा, मुकादम वर आलाय."

"येऊ दे की. हवा खायला आला असेल. तू दात दाखवायला आलीयस का मासे मोजायला?"

"पण तो वर येतच नाही कधी! आणि बघ ना, चारच आहेत."

सिस्टर हसत आल्या. "बाळा, पाणी बघ किती छान आहे." मग त्यांनीही मोजले. पाचवा, सर्वांत धाकटा, माझ्या डब्यामागं अडकून आडवा पडला होता. तो सकाळीच माझ्याशेजारी शांत झाला होता. मुकादमाचे कल्ले लालभडक झाले होते. पाण्याला तोंड टेकवून तो धापा टाकत होता.

आतून हाक आली. मुलीनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला. "मी नाही येणार. आधी आबांना फोन करा."

"अगं, डॉक्टर थांबल्यात ना!" मामा म्हणाला.

"थांबू देत."

सिस्टरनी फोन लावला. मला पलीकडचा आवाज बारीक ऐकू येत होता.

"सिस्टर, स्पंज कशात धुतलात?"

"नळाखाली चोळला, आबा. मग वाफेला लावला. वीस मिनिटं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"आबा? चुकलं का हो माझं?"

"तुमचं नाही. मी सांगायला हवं होतं." मग ते भराभर बोलू लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. खाणं बंद. एक हिस्सा पाणी आत्ता बदला, मग रोज बदला. आणि माशांच्या दुकानात जाऊन त्यांच्या जुन्या स्पंजातून पिळून काढलेलं पाणी, त्याचा पिळा, मागून आणा.

"पिळा? म्हणजे घाण?"

"हो, सिस्टर. जितकी काळी मिळेल तितकी."

सिस्टरनी लगेच पाणी बदललं आणि चपला घातल्या. अर्ध्या तासानं त्या परतल्या तेव्हा काळ्या पाण्याची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. पांढऱ्या गणवेशावर एक ओघळ आला होता.

"दुकानदार हसला मला," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "म्हणे, घाण मागायला आलेलं पहिलंच गिऱ्हाईक." त्यांना हसू आलं नाही. त्यांनी मला भांड्यात ठेवलं, वरून ते पाणी ओतलं आणि हातमोजे न घालता मला त्यात दाबू लागल्या. माझ्यात कुणीतरी शिरलं. थोडेच होते, पण जिवंत होते.

मुलगी आत गेली. जाताना रडत होती, पण गेली.

मंगळवारी आणखी एक मासा गेला. मी थोड्याशा जिवांना पोटाशी धरून होतो आणि ते वाढण्याची वाट बघत होतो. सिस्टर रोज पाणी बदलायच्या आणि दर तासाला येऊन काचेला नाक लावायच्या. मुकादम वरच होता. शनिवारी दुपारी तो एकदम दिसेनासा झाला. सिस्टरनी तोंडावर हात ठेवला. मग त्या खाली वाकल्या. तो तळाशी होता. वाळूत मिशा खुपसून त्यानं केवढा तरी धुरळा उडवला.

"कर बाबा, कर घाण," सिस्टर म्हणाल्या आणि तिथंच जमिनीवर बसल्या.

मित्रांनो, आता मी पुरता तपकिरी आहे आणि झडत चाललोय. गुरुवारी डब्याचं झाकण उघडलं की अजून दचकतो. आबांनी माझ्याशेजारी एक कोरा स्पंज आणून ठेवलाय. त्यालाही भीती वाटते. त्याच्यात अजून कुणी राहायला आलेलं नाही. माझ्यातले जीव हळूहळू त्याच्याकडे चाललेत. तुम्हीही कुठं मासे पाळाल, तेव्हा स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर भुलू नका, आणि माझ्यासारखा मळका हाती लागला तर त्याच्यात कोण राहतं ते आधी विचारा. मला टाकायला माझी हरकत नाही. फक्त सगळे पलीकडे पोचले का, तेवढं बघून टाका.